सी/टी, "जोखीम सरासरीपेक्षा जास्त": अजनीच्या एका निवृत्त लोको पायलटचं प्रकरण

घरी मागवलेल्या जनुक-चाचणीचा अहवाल बावीस पानांचा होता. हृदयविकार, साखर, टक्कल, कॉफी मानवते की नाही, असं सगळं त्यात होतं. घरच्यांनी मात्र पिवळ्या मार्करने एकच ओळ रंगवून आणली होती: बीडीएनएफ जनुक, आरएस6265 (जनुकातल्या त्या जागेचा क्रमांक), सी/टी, वाढत्या वयात स्मरणशक्ती घटण्याची जोखीम सरासरीपेक्षा जास्त.

समोर बसलेले काका 67 वर्षांचे. लोको पायलट, म्हणजे रेल्वेगाडीचे चालक, म्हणून नागपूरच्या अजनीहून निवृत्त, सध्या नागपूरच्याच बेसा भागात मुलीकडे मुक्काम. दिवाळीत पुण्याहून आलेल्या मुलाने किट मागवून बाबांची लाळ नळीत भरून कुरिअरने पाठवली होती. अहवाल आल्यापासून घरात कुणी "विसरलो" म्हटलं तरी सगळे एकमेकांकडे बघायचे. मुलीने खुर्चीत बसताबसताच विचारलं, "मॅडम, हे अल्झायमरच आहे ना?"

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला काकांची आणि त्यांच्या मुलीची संमती आहे.)

वहीतल्या तक्रारी

मुलीने वर्षभरातल्या घटना तारखेनिशी एका वहीत लिहिल्या होत्या. अहवालाच्या बावीस पानांपेक्षा ही वही कितीतरी जास्त कामाची निघाली. एकच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा. गॅसवर दूध ठेवून बाल्कनीत जाऊन बसणं. नातवाच्या शाळेची वेळ बदलल्याचं सांगूनही जुन्याच वेळेला फाटकाशी उभं राहणं. आणि ज्या घटनेने घर हादरलं ती: संध्याकाळी भाजी घ्यायला निघालेले काका घराचा रस्ता चुकले. बेसातले नवे लेआउट एकसारखेच, गल्लीचं नावही धड कुठे लिहिलेलं नसतं. काका बराच वेळ तिथल्या तिथे फिरत राहिले, फोन खिशात असून केला नाही. विचारलं तर म्हणाले, "लाज वाटली जी. अर्धं आयुष्य गाडी चालवली अन् आपलंच घर सापडून नाही राहिलं."

त्यातच दोन नोंदी होत्या, ज्या मुलीने विस्मरणाखाली लिहिल्या होत्या पण माझ्या दृष्टीने वेगळ्या होत्या. "फोनवर नुसतं हो हो म्हणतात, नंतर काही आठवत नाही." आणि "टीव्ही इतका मोठ्याने लावतात की शेजारचे सांगायला येतात."

मी काकांना त्यांच्या रेल्वेच्या रस्त्याबद्दल विचारलं, मध्य प्रदेशातल्या आमल्यापासून नागपूरपर्यंतच्या. त्यांची कळी खुलली. "आमला ते नागपूर एक-एक सिग्नल आताही सांगून देतो. पण सकाळी ही पोरगी मले काय बोलली ते इचारू नका." आणि खरंच सांगितलं त्यांनी: मुलताई, चिचोंडा-तिगावचा घाट, पांढुर्णा, नरखेड, काटोल, कळमेश्वर, गोधनी, कुठे उतार लागतो, कुठे ब्रेक आधीच धरून ठेवायचा, पावसाळ्यात कुठलं सिग्नल उशिरा दिसतं. रेल्वेत नव्या सेक्शनवर कुणालाही एकदम गाडी देत नाहीत. आधी जाणत्या पायलटबरोबर दिवसा आणि रात्री त्या मार्गावर फिरून रस्ता शिकावा लागतो आणि तो शिकल्याची सही करावी लागते. याला ते लोक "एलआर" म्हणतात, लर्निंग रोड. तीस-पस्तीस वर्षं घोटलेला हा रस्ता मेंदूच्या बाह्य थरात पक्का बसलेला असतो. बेसाची गल्ली नवी आहे. नवा नकाशा बसवायचं काम मेंदूच्या आतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचं, आणि वाढत्या वयात आधी थकतो तो हाच भाग. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नसलेल्या ज्येष्ठांतही त्याचं आकारमान वर्षाला साधारण 1 ते 2 टक्क्यांनी कमी होत जातं.

म्हणजे जुनं पाठ आणि नवं टिकत नाही, एवढ्यावरून आजार ठरत नाही. नाकारताही येत नाही.

त्या पिवळ्या ओळीत नेमकं काय लिहिलंय

मुलाने इंटरनेटवर शोधलं तेव्हा सगळीकडे "जी" आणि "ए" अशी अक्षरं दिसली. बाबांच्या अहवालात मात्र "सी" आणि "टी". त्याला वाटलं, बाबांचं काहीतरी आणखीच वेगळं, दुर्मीळ निघालं. तसं काही नाही. डीएनएला दोन धागे असतात, एकावर जी असेल तर समोरच्यावर सी असतो, ए समोर टी. बीडीएनएफचं जनुक 11व्या गुणसूत्रावर उलट्या धाग्यावर वाचलं जातं. शोधनिबंध जनुकाच्या धाग्यावरून लिहितात, किट बनवणाऱ्या कंपन्या गुणसूत्राच्या प्रमाण नकाशातल्या धाग्यावरून. सी/टी म्हणजेच जी/ए. एक प्रत नेहमीची, एक प्रत बदललेली. निम्मी घबराट या अक्षरांनीच केली होती.

आता बीडीएनएफ म्हणजे काय. चेतापेशी जगवणारी, त्यांना फांद्या फुटू देणारी आणि दोन पेशींमधला जोड पक्का करणारी काही वाढ-प्रथिनं शरीरात असतात. त्यातलं पहिलं, एनजीएफ, शोधल्याबद्दल रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना 1986 मध्ये नोबेल मिळालं (रीटाबाई स्वतः 103 वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत कामात होत्या, हे मी पेशंटना आवर्जून सांगते). बीडीएनएफ त्याच घराण्यातलं. यीव्ह-अलँ बार्ड आणि हान्स थोनेन यांनी ते 1982 मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळं केलं. शिकताना, आठवण बसताना हिप्पोकॅम्पसमध्ये जे जोड घट्ट होतात, त्यात याचा मोठा हात आहे.

हे प्रथिन आधी लांब, कच्च्या रूपात तयार होतं आणि मग त्याचा पुढचा भाग कापला जाऊन कामाचं प्रथिन उरतं. अहवालातला बदल त्या कच्च्या रूपातल्या 66व्या जागेवरचा: व्हॅलिनऐवजी मेथिओनिन. म्हणून याला "व्हॅल66मेट" म्हणतात. गंमत अशी की 66वी जागा कापून टाकल्या जाणाऱ्या भागात येते. दोन्ही प्रकारच्या माणसांच्या मेंदूत शेवटी काम करणारं बीडीएनएफ तंतोतंत सारखंच असतं. काकांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं: माल तोच आहे, पण वॅगनवरची चिठ्ठी नीट वाचली जात नाही, म्हणून काही वॅगन यार्डातच राहतात आणि मागणी आली की तेवढा माल वेळेवर सुटत नाही. कच्च्या प्रथिनाचा तो पुढचा भाग म्हणजे ही चिठ्ठी. पेशीतल्या ज्या थैल्यांतून इशारा मिळताच प्रथिन बाहेर सोडलं जातं, तिथे मेट प्रकार कमी पोचतो. दोन्ही प्रती मेट असलेल्या उंदरांच्या चेतापेशींत ही इशाऱ्यावरची सोडवणूक सुमारे 30 टक्क्यांनी कमी भरली. एकच प्रत असेल तर घट त्याहून कमी.

2003 मध्ये मायकेल ईगन, डॅनियल वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी हाच बदल माणसांच्या घटनास्मृतीशी जोडून दाखवला आणि हे जनुक एकदम प्रकाशात आलं. काकांची मुलगी स्टॅनफर्डच्या ज्या अभ्यासाची बातमी घेऊन आली होती, तो 2011 चा. 40 ते 69 वयाच्या 144 वैमानिकांना दोन वर्षांत ठरावीक अंतराने सिम्युलेटरवर विमान चालवायला लावलं; मेट प्रत असलेल्यांचे गुण जास्त वेगाने उतरले. तिने बातमीतला "पायलट" हा शब्द अधोरेखित केला होता. पण ती सरासरी होती, गटागटांची. दोन्ही गटांत चांगले उडवणारेही होते आणि वाईटही.

म्हाताऱ्या मेंदूत हा फरक जास्त का दिसावा, याचं एक पटणारं स्पष्टीकरण बर्लिनच्या उल्मान लिंडेनबर्गर यांच्या गटाने मांडलं. तरुणपणी मेंदूकडे साठा भरपूर असतो, तेव्हा छोटा जनुकीय फरक झाकला जातो. वयानुसार साठा आटत गेला की तोच फरक कामगिरीत उघडा पडतो. ऑस्ट्रेलियातल्या दीर्घकालीन पाहणीत याला पुढचा दुवा मिळाला. स्मरणशक्ती अजून ठीक असलेल्या ज्येष्ठांपैकी ज्यांच्या मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) जास्त साचलं होतं, त्यांच्यात मेट वाहकांची घसरण तीन वर्षांत ठळकपणे जास्त होती. अमायलॉइड कमी असलेल्यांत मेट असो नसो, फारसा फरक नव्हता. माझ्या मते या सगळ्या साहित्यातला सगळ्यात कामाचा निष्कर्ष हाच: हे जनुक आजार आणत नाही, आजार आलाच तर त्याला तोंड देण्याची ताकद थोडी कमी-जास्त करत असावं.

"असावं" म्हणते, कारण दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. मेट वाहकांचा हिप्पोकॅम्पस लहान असतो असं सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत दिसलं. पुढे बरेच अभ्यास एकत्र तोलले तेव्हा तो फरक विरघळला. अल्झायमरसाठी हजारो-लाखो लोकांचे जनुकसंच धुंडाळले गेले, त्यात ठळकपणे वर येतं ते 19व्या गुणसूत्रावरचं एपीओई हे जनुक. बीडीएनएफची ही जागा त्या यादीत नाही.

आणि दुर्मीळ म्हणावं तर तेही नाही. आपल्या उपखंडात साधारण पाच प्रतींत एक मेट असते, म्हणजे दर तीन माणसांत एकाकडे तरी निदान एक मेट प्रत सापडेल. पूर्व आशियात जवळपास निम्म्या प्रती मेट आहेत. "जास्त जोखीम" हे लेबल वापरायचं तर जपानमधल्या बहुतेकांना ते चिकटवावं लागेल, आणि तिथली म्हातारी माणसं काही जगातली सगळ्यात विसरभोळी म्हणून प्रसिद्ध नाहीत.

मग तपासलं काय

मराठीतली मोका चाचणी घेतली, स्मरणशक्ती आणि विचारशक्ती पटकन तपासणारी. 30 पैकी 23, शिक्षण बारा वर्षांपर्यंतचं असल्याने एक गुण धरून 24. 26 च्या खाली म्हणजे लक्ष घालायला हवं. पण गुणांच्या बेरजेपेक्षा ते कुठे गेले हे बघायचं असतं. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले होते; पाच मिनिटांनी काकांना दोनच आठवले. उरलेल्या तिन्हींसाठी इशारा दिला ("शरीराचा एक भाग होता"), तेव्हा दोन लगेच आले. इशाऱ्यावर शब्द परत येतो म्हणजे तो आत गेला होता, बाहेर काढायला अडचण होती. हिप्पोकॅम्पसचाच आजार असेल तर इशारा देऊनही सहसा हाती काही लागत नाही. आणि तिसरा शब्द? तो त्यांनी मुळात चुकीचाच ऐकला होता. पहिल्या वेळी म्हणून दाखवतानाच त्यांनी भलताच शब्द उच्चारला होता.

तिथे टीव्हीचा आवाज आणि फोनवरचं "हो हो" जुळलं. कानांची तपासणी करायला पाठवलं. दोन्ही कानांत उंच स्वरांची श्रवणशक्ती मध्यम स्वरूपात गेलेली, 4000 हर्ट्झच्या आसपास आलेख खड्ड्यात उतरलेला. इंजिनाच्या केबिनमध्ये आणि हॉर्नखाली नोकरी काढलेल्या माणसाचा आलेख असाच असतो. अशा कानांना "बोलणं ऐकू येतं, पण समजत नाही". स, श, फ, त गळून पडतात. घरातल्या अर्ध्या सूचना काका विसरत नव्हते. त्या त्यांच्यापर्यंत पोचलेल्याच नव्हत्या. उरलेला अर्धा मेंदू शब्द जुळवण्यात खर्ची पडत असेल तर लक्षात ठेवायला काय शिल्लक राहणार?

रक्तात दुसरी गोष्ट सापडली. साखरेसाठी अकरा वर्षं मेटफॉर्मिन, त्यात घर शाकाहारी. मेटफॉर्मिनमुळे आतड्यातून बी12 कमी शोषलं जातं, आणि शाकाहारी ताटात ते मुळात थोडंच. काकांचं बी12 142 होतं. प्रयोगशाळेची खालची मर्यादा 200. थायरॉइड ठीक. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 7.9. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस वयाला साजेसा, पांढऱ्या भागात मधुमेह-रक्तदाबाचे थोडे ठिपके. शिवाय मुलीने आणलेल्या औषधांच्या पिशवीत सर्दीची एक जुनी, झोप आणणारी गोळी निघाली. काका ती "नाक वाहू नये म्हणून" जवळजवळ रोज रात्री घ्यायचे. या जातीच्या गोळ्या मेंदूतलं ॲसिटिलकोलीन अडवतात, आणि आठवणींचं बरंचसं काम त्याच रसायनावर चालतं. पिशवी उघडून बघायची सवय डॉक्टरांनी सोडू नये, ती याचसाठी.

मुलाने फोनवर दोन गोष्टी विचारल्या. रक्तातलं बीडीएनएफ मोजता येईल का? मोजता येतं, पण रक्तातलं बरंचसं बीडीएनएफ प्लेटलेटमध्ये साठलेलं असतं. नमुना कसा ठेवला यावरही आकडा हलतो, आणि त्यावरून काकांच्या मेंदूबद्दल काही ठरवता येत नाही. दुसरं, ऑनलाइन मिळणाऱ्या "बीडीएनएफ बूस्टर" गोळ्या? पैसे वाचवून कानाच्या मशीनला लावा, असं मी सांगितलं.

उपचार, आणि उन्हाळा

सर्दीची गोळी बंद, बी12 ची इंजेक्शनं आणि नंतर गोळ्या, साखरेच्या औषधात फेरफार. हे सोपं होतं. कानाच्या मशीनवर मात्र काका अडून बसले. "मशीन लावली की माणूस खरंच म्हातारा दिसते." शेवटी नातवाशी फोनवर बोलताना चाचणीपुरती लावली आणि काढायला तयार होईनात.

श्रवणयंत्राने डिमेन्शिया टळतो असं मी त्यांना सांगितलं नाही. 2023 च्या अमेरिकी चाचणीत 70 ते 84 वयाचे 977 जण होते. सगळ्यांचा हिशेब धरला तर श्रवणयंत्राने तीन वर्षांत स्मृती-विचारशक्तीच्या घसरणीत फरक पडला नाही. हृदयाच्या तक्रारी, मधुमेह अशी जोखीम आधीच जास्त असलेल्या गटात मात्र घसरण 48 टक्क्यांनी कमी झाली. काकांचं वय त्याहून कमी, पण जोखीम त्या दुसऱ्या गटासारखी. आणि काहीही न टळलं तरी माणसाला घरातलं बोलणं ऐकू यावं, हे कारण पुरेसं आहे.

बीडीएनएफशी थेट नातं सांगणारा उपचार एकच: चालणं. 2011 मध्ये कर्क एरिकसन आणि सहकाऱ्यांनी 120 ज्येष्ठांना वर्षभर व्यायामाला लावलं. आठवड्यातून तीन दिवस 40 मिनिटं भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्क्यांनी वाढला. नुसतं अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा सुमारे 1.4 टक्क्यांनी घटला. चालणाऱ्यांत ज्यांचं रक्तातलं बीडीएनएफ जास्त वाढलं, त्यांचा हिप्पोकॅम्पसही जास्त वाढलेला होता. मेट प्रत असलेल्यांना व्यायामाचा फायदा कमी होतो की जास्त, यावर अभ्यासांचं एकमत नाही. म्हणून मेट असो नसो, सल्ला तोच.

कागदावर हे सोपं. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 वर असताना, 67 वर्षांच्या मधुमेही माणसाला "भरभर चाला" सांगणं म्हणजे वेगळाच धोका. पहाटे साडेपाचला निघायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं ठरलं. बेसात एकटे फिरण्यापेक्षा मुलीने त्यांना अजनीच्या रेल्वे मैदानावर सोडायला सुरुवात केली, जिथे जुने सहकारी येतात. पहिल्या आठवड्यात चालणं कमी आणि चहा-पोहे जास्त झाले. मी हरकत घेतली नाही. पोह्यावर तर्री कमी घ्या एवढंच म्हटलं. गप्पा मारताना कान, शब्द आणि आठवण तिन्ही कामाला लागतात.

बेसाच्या रस्त्याचा उपाय काकांचाच. त्यांनी एलआर केला. वही घेऊन, आधी मुलीबरोबर दिवसा, मग रात्री, घर ते चौक मार्ग उतरवला: डाव्या हाताला निळी टाकी, मग ट्रान्सफॉर्मर, मग दोन मजली अर्धवट बांधकाम, तिथून "वेग कमी, उजवं वळण". बांधकाम पूर्ण होऊन खूण बदलली तेव्हा वहीत तारीख टाकून दुरुस्ती केली. शेवटी खाली मुलीची सही घेतली, मार्ग पाठ झाल्याची. स्मृतीच्या पुनर्वसनात आम्ही जे शिकवतो, म्हणजे आधी टप्पे पाडणं, मग अंतर ठेवून पुन्हा पुन्हा उजळणी आणि चूक न होऊ देता सराव, ते सगळं त्यांच्या खात्याने त्यांच्या हाडीमाशी खिळवलं होतं. मला शिकवायला काही उरलं नाही.

सहा महिन्यांनी

चाचणीची दुसरी आवृत्ती घेतली, म्हणजे पाठांतराचा फायदा नको. एक गुण धरून 27. बी12 मर्यादेत आलं, साखर 7.1. मुलीच्या वहीत नोंदी विरळ झाल्या. दूध मात्र एकदा पुन्हा उतू गेलं. नाव आठवायला वेळ लागतो, आणि दोन माणसं एकदम बोलली की काका अजूनही गोंधळतात. यातलं किती श्रेय कानाला, किती बी12 ला, किती गोळी बंद करण्याला, किती मैदानावरच्या मित्रांना, हे एका माणसात वेगळं काढता येत नाही. एक गोष्ट मात्र ठामपणे म्हणता येते: या सहा महिन्यांत त्यांचं बीडीएनएफ जनुक सी/टीच होतं. अहवालात सी/सी (दोन्ही प्रती नेहमीच्या) आलं असतं तरी मी यातला एकही उपचार वगळला नसता.

यापुढे आजार येणारच नाही, असं मी लिहून दिलेलं नाही. मधुमेह आहे, एमआरआयमधले ठिपके आहेत. आठवण इशाऱ्यालाही दाद देईनाशी झाली किंवा ओळखीच्या आमला-नागपूर रस्त्यावरची स्टेशनं उलटसुलट होऊ लागली, तर तपास नव्याने करावा लागेल. मुलीला हीच दोन लक्षणं वहीत वेगळ्या पानावर लिहायला सांगितली आहेत.

एक प्रश्न उरला. त्या अहवालातला एपीओईचा भाग कंपनीने कुलूपबंद ठेवला आहे. "मला जाणून घ्यायचं आहे" असं स्वतः नोंदवल्याशिवाय तो उघडत नाही. काकांनी स्पष्ट नको म्हटलं: "सिग्नल लाल दिसलं तर गाडी थांबवता येते. इथं थांबवून काय करू?" मुलीला मात्र स्वतःची चाचणी करून घ्यायची होती. तिला मी सांगितलं की बीडीएनएफसाठी करू नकोस, त्यातून तुझ्या आयुष्यात काहीच बदलणार नाही. एपीओईचं वजन खरंच मोठं आहे, म्हणूनच तो निकाल एकटीने मोबाईलवर उघडू नये; आधी समुपदेशन, विम्याचा विचार, आणि निकाल वाईट आला तर तो भावाला सांगायचा की नाही हे आधीच ठरवलेलं असावं. वय 38, रक्तदाब आताच वरच्या सीमेवर. तो मोजायचं यंत्र तिने त्याच आठवड्यात घेतलं. एपीओईचं अजून ठरलेलं नाही.